अर्धी ग्रंथी काढायची की पूर्ण?

गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीच्या गाठीत कॅन्सर आहे, हे कानावर पडलं की माणूस पुढचं फारसं ऐकत नाही. 'पॅपिलरी' म्हणजे काय, दीड सेंटिमीटरची गाठ लहान की मोठी, हे सगळं वाऱ्यावर जातं. मग थोडं सावरल्यावर समोरून एकच वाक्य येतं, 'डॉक्टर, सगळं काढून टाका, विषय संपवा.' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आज मला फक्त त्या 'सगळं' या शब्दाबद्दल बोलायचं आहे.

आधी 'कमी जोखमीचा' म्हणजे काय ते सांगतो. थायरॉईडच्या कॅन्सरमध्ये पॅपिलरी हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. गाठ चार सेंटिमीटरच्या आत, ग्रंथीच्या बाहेर घुसलेली नाही, मानेतल्या लसीका ग्रंथींत (लिम्फ नोड्समध्ये) किंवा दूर फुप्फुसात, हाडांत काही नाही, पेशी आक्रमक जातीच्या नाहीत, तर तो कमी जोखमीचा. अशा रुग्णांत या आजाराने मृत्यू येणं फार विरळा. म्हणून तुलना करायची ती जीव वाचण्याची नव्हे, पुढची तीस-चाळीस वर्षं कशी जातील याची.

थायरॉईडला दोन लोब, म्हणजे दोन भाग असतात, श्वासनलिकेच्या दोन अंगांना, आणि मधे एक अरुंद पट्टी. गाठ असलेला लोब आणि ती पट्टी काढली, की ती लोबेक्टॉमी. दोन्ही लोब काढले, की टोटल थायरॉइडेक्टॉमी. कितीतरी वर्षं एक सेंटिमीटरच्या वर गाठ असली की टोटल, असाच शिरस्ता होता. त्याला कारणंही होती. पूर्ण ग्रंथी गेली की उरल्यासुरल्या थायरॉईड पेशी मारणारं किरणोत्सारी आयोडीन देता येतं, आणि रक्तातलं थायरोग्लोब्युलिन, म्हणजे थायरॉईडच्या पेशी बनवतात ते प्रथिन, पाहून आजार परततोय का ते कळतं. 2007 साली अमेरिकेतल्या बावन्न हजारांवर रुग्णांच्या नोंदींवरून असंही दिसलं, की टोटल केलेले रुग्ण किंचित जास्त जगतात. पण त्या विश्लेषणात रुग्णांचे इतर आजार आणि गाठीचा पसरलेपणा यांचा पुरेसा हिशेब नव्हता. 2014 मध्ये तो हिशेब धरून 61,775 रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा एक ते चार सेंटिमीटरच्या गाठींत जगण्याच्या प्रमाणातला फरक उरलाच नाही. 2015 च्या अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांनी या गाठींसाठी दोन्ही शस्त्रक्रिया योग्य मानल्या. आयोडीनचा मुद्दाही पुढे सैल झाला. 2022 मध्ये फ्रान्समधल्या चाचणीत कमी जोखमीच्या रुग्णांना टोटलनंतर आयोडीन दिलं काय, न दिलं काय, तीन वर्षांनी निकाल जवळपास सारखाच आला.

आता गळ्याच्या आत जाऊ, कारण मला खरी काळजी तिथली आहे. प्रत्येक लोबच्या मागून आवाजाची नस जाते. दोऱ्याएवढी बारीक. एका बाजूची दुखावली तर आवाज घोगरा होतो, बोलताना दम लागतो. दोन्ही बाजूंच्या दुखावल्या तर श्वासाचाच मार्ग अरुंद होतो, कधी घशाला छिद्र पाडून नळी घालावी लागते. लोबेक्टॉमीत दुसऱ्या बाजूला आपण हातच लावत नाही, त्यामुळे ही वेळ येतच नाही. तसंच पॅराथायरॉईड ग्रंथींचं. बहुतेकांत चार असतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या, थायरॉईडला चिकटून, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या. टोटलमध्ये चारही धोक्यात येतात. त्यांचा रक्तपुरवठा तुटला, तर ओठांभोवती, बोटांत मुंग्या येतात, स्नायू आखडतात. बहुतेकांचं काही आठवड्यांत सुधारतं, पण ज्यांचं सुधारत नाही त्यांना जन्मभर कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी घ्यावं लागतं. हे रुग्ण बाहेरून ठणठणीत दिसतात, म्हणून घरच्यांना त्यांचा त्रास पटत नाही. याची मला फार खंत वाटते.

पूर्ण ग्रंथी काढण्याची किंमत फार पूर्वीच कळली होती. थिओडोर कोखर हे स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे शल्यविशारद. थायरॉईडवरच्या कामासाठी 1909 चं नोबेल त्यांना मिळालं. गलगंडाची शस्त्रक्रिया त्यांनी इतकी सुरक्षित केली, की रुग्ण टेबलावर दगावणं जवळपास थांबलं. पण 1883 मध्ये त्यांनी स्वतःच जाहीर केलं, की पूर्ण ग्रंथी काढलेले आपले अनेक रुग्ण पुढे सुजलेले, मंद झालेले आढळले. आणि गलगंडासाठी पूर्ण ग्रंथी काढणं त्यांनी सोडलं. आपल्या हातची चूक अशी उघड मांडायला मोठं धैर्य लागतं. आज थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईडच्या हार्मोनची गोळी आहे, त्यामुळे ती अवस्था येत नाही. तरी टोटलनंतर ती गोळी रोज रिकाम्या पोटी, आयुष्यभर घ्यायची असते, आणि काहींचा डोस जुळायला महिने जातात. लोबेक्टॉमीनंतरही बऱ्याच जणांना गोळी लागते, हे मी लपवत नाही. पण पुष्कळांना लागत नाही.

लोबेक्टॉमीची दुसरी अडचण मात्र आधीच पत्करायला हवी. काढलेल्या लोबचा अंतिम रिपोर्ट आला, त्यात गाठ रक्तवाहिन्यांत शिरलेली किंवा आक्रमक जातीची निघाली, तर उरलेला भाग काढायला पुन्हा टेबलावर यावं लागतं. ही कल्पनाच ज्याला सहन होत नाही, त्याच्यासाठी टोटल चुकीची नाही. दुसऱ्या लोबमध्येही संशयास्पद गाठी असतील, लहानपणी मानेला किरणोपचार झाले असतील किंवा थायरॉक्सिन आधीपासूनच चालू असेल, तर मीही टोटलकडे झुकतो. पण निव्वळ भीतीपोटी नाही. राखलेला लोब उद्या काढता येतो, काढलेला परत बसवता येत नाही.

एक सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी तर शस्त्रक्रिया न करण्याचाही पर्याय आहे. जपानमध्ये कोबेच्या कुमा हॉस्पिटलमध्ये 1993 पासून अशा गाठी नुसत्या सोनोग्राफीने पाहत राहण्याची पद्धत सुरू झाली. त्यांच्या 1,235 रुग्णांच्या पाहणीत दहा वर्षांत तीन मिलिमीटर किंवा त्याहून वाढलेल्या गाठी सुमारे 8 टक्के निघाल्या, लसीका ग्रंथींत पसरलेल्या 3.8 टक्के. साठीपुढच्या लोकांत वाढ सर्वांत कमी. ज्यांना नंतर शस्त्रक्रिया लागली, त्यांचं उशिरामुळे बिघडलं नाही. गाठ नसेला किंवा श्वासनलिकेला खेटून असेल, तर मात्र ही वाट नको.

व्रण दिसू नये म्हणून तोंडातून शस्त्रक्रिया करतात, त्याबद्दल तुम्ही विचाराल. होते, निवडक रुग्णांत. पण गळ्यावरची बारीक रेघ काही महिन्यांत पुसट होते, मला ती मोठी गोष्ट वाटत नाही. मोठी गोष्ट आहे ती शल्यविशारदाच्या हाताची. वर्षाला पंचवीसहून अधिक टोटल करणाऱ्यांच्या रुग्णांत गुंतागुंत कमी होते, असं एका मोठ्या पाहणीत दिसलं आहे. तेव्हा 'तुम्ही वर्षाला किती करता?' हे विचारायला संकोचू नका. चांगला डॉक्टर रागावत नाही. आणि सही करण्याआधी आणखी एक विचारा. लोबेक्टॉमी ठरली, पण आत गेल्यावर लसीका ग्रंथी सुजलेल्या दिसल्या, तर तुम्ही काय कराल? त्याचं उत्तर भूल देण्याआधी, तुम्ही पूर्ण शुद्धीत असताना, तुमच्या संमतीने ठरलेलं असलं पाहिजे.