वॉकर: कापड तुडवणाऱ्यांचं आडनाव

नमस्कार, श्रोतेहो.

सुतार, लोहार, कुंभार ही आडनावं ऐकली की घराण्याचा धंदा वेगळा सांगावा लागत नाही. इंग्लंडमधल्या वॉकर या आडनावाचा अर्थही आपल्याला कळल्यासारखा वाटतो. वॉकर म्हणजे चालणारा. हा माणूस खरोखरच चालायचा, पण कापडावर.

मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरविरीत असतं, आणि त्यात मेंढीच्या अंगची चरबी मुरलेली असते. ते हौदात टाकायचं. त्यावर पाणी आणि साठवून ठेवलेलं मूत्र. हो, माणसांचंच. शिळ्या मूत्रातल्या अमोनियामुळे चिकटपणा सुटतो. जोडीला एक माती. ती कदाचित तुमच्याही घरात असेल, आपण तिला मुलतानी माती म्हणतो. चिमूटभर ओली करून तेलकट बोटांवर चोळून पाहा, तेल कसं ओढून घेते ते कळेल. मग त्या हौदात अनवाणी उतरायचं आणि तासन्‌तास कापड तुडवायचं. धागे एकमेकांत गुंततात, कापड आटतं, दाट होतं. शेवटी ते लाकडी चौकटीवर, आकड्यांना ताणून वाळवायचं. हे काम करणाऱ्याला जुन्या इंग्रजीत ‘वेअल्केरे’ म्हणत. त्याचाच पुढे वॉकर झाला.

मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती पुढची. या एकाच कामाला इंग्लंडात प्रांताप्रांतांत वेगळी नावं होती, आणि त्या सगळ्यांची आडनावं झाली. उत्तरेकडे, यॉर्कशायर-लँकशायरमध्ये वॉकर. आग्नेयेला, केंट-ससेक्सकडे फुलर. नैर्ऋत्येला, डेव्हन-सॉमरसेटमध्ये टकर. टकर ज्या क्रियापदातून आला, त्याचा जुना अर्थ छळणं. कापडाचा छळच की तो! डेव्हनमधल्या एक्सेटर शहरात या कारागिरांच्या संघाचा ‘टकर्स हॉल’ पंधराव्या शतकापासून उभा आहे. १८८१ च्या जनगणनेतली ही आडनावं नकाशावर मांडली, तरी कोणाच्या पणजोबांच्या मुलखात कोणती बोली होती, ते त्यावर उमटलेलं दिसतं.

पायांचं काम यंत्राने तसं लवकरच घेतलं. टेम्प्लर म्हणजे धर्मयुद्धं लढणाऱ्या ख्रिस्ती सरदारांचा संघ. ११८५ सालच्या त्यांच्या इंग्लंडातल्या मालमत्तेच्या नोंदींत पाणचक्कीवर कापड कुटणाऱ्या गिरण्या आहेत. चाक फिरलं की लाकडी हातोडे वरखाली होत. तरी नाव मात्र वॉकरच राहिलं, आणि पुढच्या दोन-तीन शतकांत ते बापाकडून मुलाकडे जाणारं आडनाव झालं.

आज इंग्लंडातल्या सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांत वॉकर पहिल्या विसांत येतं. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत पाच लाखांहून जास्त वॉकर होते, आणि त्यांतले साधारण एक-तृतीयांश कृष्णवर्णीय. त्या आकड्यामागे गुलामगिरीचा इतिहास आहे. यॉर्कशायरच्या हौदाशी ज्यांच्या पूर्वजांचा काही संबंध नव्हता, त्यांच्याही नावाला ते कापड चिकटलं.

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर मात्र हे काम हातांनीच, थेट विसाव्या शतकापर्यंत चाललं. तिथे ते बायका करायच्या. फळीभोवती समोरासमोर बसून ओलं कापड आपटायच्या आणि त्या ठेक्यावर गायच्या, जशा आपल्याकडे जात्यावर ओव्या. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी धरायची. आणि एक नेम होता: एका कापडावर एकदा म्हटलेलं गाणं त्याच कापडावर पुन्हा म्हणायचं नाही. ते अशुभ. कापड आटेपर्यंत नवं गाणं आठवत राहायचं.