फोटो एक नंबर, नाणं दोन नंबरचं! ऑनलाइन लिलावात बोली लावायच्या आधी ही चिठ्ठी मागा

नमस्कार मंडळी, नाशिकहून. पंखा मुद्दाम बंद केलाय आवाजासाठी, त्यामुळे मधेमधे घाम पुसताना दिसलो तर समजून घ्या.

आधी हे बघा. (नाणं कॅमेऱ्याजवळ धरतो.) दिसतंय? पंचम जॉर्ज, एक रुपया, 1911. म्हणजे मला तसं वाटलं होतं. ह्याला मी 4,200 रुपये मोजलेत, ऑनलाइन लिलावात, रात्री पावणेअकराला, बायको म्हणतेय झोपा आता आणि मी म्हणतोय अगं थांब दोनच मिनिटं राहिलीत. त्या दोन मिनिटांत कोणीतरी तीनदा माझ्यावर बोली चढवली आणि मी पण पेटून तीनदा चढवली. तो कोणीतरी कोण असावा त्याच्यावर येतो नंतर.

1911 चाच का हवा होता, तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, त्या वर्षीच्या रुपयावर राजाच्या झग्यावर एक बारीकसा हत्ती होता आणि त्याची सोंड इतकी आखूड निघाली की लोकांना तो डुक्कर वाटला, बोंबाबोंब झाली, सरकारने बरीचशी नाणी वितळवली आणि 1912 ला हत्तीची सोंड नीट करून घेतली. म्हणून जमवणाऱ्यांमध्ये ह्याला पिग रुपी म्हणतात आणि भाव जास्त. आता माझ्या नाण्यावर बघा, झूम करतो... हत्ती पण नाही, डुक्कर पण नाही, नुसता गोळा आहे.

तर आजचा विषय हा, की लिलावाच्या साइटवर किंवा ग्रुपवर विकणारा संशयास्पद वाटतोय तर काय करायचं, आणि मुळात तो संशयास्पद आहे हे बोली लावायच्या आधी कसं कळणार.

आपण नाशिकवाले, आपल्याला लिलाव कोणी शिकवायला नको खरं तर. लासलगावला किंवा पिंपळगावला गेला असाल तर बघितलं असेल, ट्रॅक्टर रांगेत उभे, व्यापारी येतो, ट्रॉलीतल्या कांद्यात हात घालतो, खालून दोन कांदे उपसतो, दाबून बघतो, मग तोंडातून आकडा काढतो. आणि एवढं करूनही खळ्यावर ट्रॉली रिकामी करताना खालचा माल वेगळा निघाला तर तिथंच भांडण, भाव कमी. आता ऑनलाइन लिलावात तो हात घालायची सोयच नाही. विकणारा जो कांदा वर ठेवेल तोच आपल्याला दिसणार. मग काय करायचं, तर त्याच्याच हाताने ढीग उपसून घ्यायचा.

कसा? मी आता एकच गोष्ट मागतो. मेसेज टाकतो की दादा, नाण्याशेजारी एक कागदाची चिठ्ठी ठेवा, त्यावर आजचा वार आणि वेळ आणि माझं नाव पेनाने लिहा, नाणं काट्यावर ठेवा आणि एक फोटो पाठवा, जमलं तर कडेचा पण एक. बस. ज्याच्याकडे खरंच वस्तू आहे त्याला हे दोन मिनिटांचं काम आहे. ज्याच्याकडे नाही तो काय काय सांगतो ते ऐकण्यासारखं असतं, वस्तू बँकेच्या लॉकरमध्ये आहे, मी बाहेरगावी आहे, कॅमेरा खराब झालाय (अरे मग हा मेसेज कशावरून करतोयस), इतका अविश्वास असेल तर घेऊ नका. हे शेवटचं आलं ना की मी मनापासून थँक्यू म्हणतो आणि निघतो.

ही चिठ्ठी मी तेव्हा मागितली नव्हती. फोटोच इतका भारी होता ना, काळं मखमली कापड, बाजूने लाइट, राजाच्या नाकाशेजारी एक बारीक चरा, म्हणलं चरा पण लपवला नाही, माणूस प्रामाणिक दिसतोय. कुरिअर आलं, नाणं बाहेर काढलं, तर चरा कुठंय? नाहीच. मग मी तोच फोटो गूगल लेन्सला टाकला आणि तोच चरा, तेच मखमल, दुसऱ्याच कोणाच्या तरी जुन्या विक्रीच्या पानावर. म्हणजे दाखवलं एक आणि पाठवलं भलतंच. हे काम तीस सेकंदांचं आहे, बोलीच्या आधी करायचं, मी नंतर केलं.

मग वजन. ब्रिटिश काळातला हा चांदीचा रुपया 11.66 ग्रॅमचा, घसून घसून थोडा कमी भरतो, पण थोडाच. माझं भरलं 9.4. आणि हो, ह्याला स्वयंपाकघरातला काटा चालत नाही, तो एक-एक ग्रॅमच्या उड्या मारतो, दोन दशांशवाला छोटा काटा मिळतो खिशात मावेल असा, तो घ्या. तरी मन मानेना म्हणून सराफ बाजारात आमच्या ओळखीचे काका आहेत त्यांच्याकडे गेलो. त्यांनी भिंग पण नाही लावलं आधी, नुसता कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अरे हे ओतीव आहे. नाणं पाडतात, ओततात का कधी?" मग भिंगातून दाखवलं, टांकसाळीत ठसा जोरात दाबून नाणं पाडतात म्हणून अक्षराची कड धारदार असते, साच्यात ओतलेल्याला अक्षरं मऊ, साबणावर लिहिल्यासारखी, मैदानात, म्हणजे अक्षरांमधल्या मोकळ्या जागेत, बारीक बारीक छिद्रं आणि कडेला जोडाची एक रेघ. ही बघा रेघ. (कड दाखवतो.) म्हणूनच कडेचा फोटो मागायचा म्हणलं मी. नकली माल विकणारा दोन्ही बाजूंचे फोटो हौसेने टाकतो, कड मात्र टाळतो.

नाण्यांची आवड असेल आणि अजून गेला नसाल तर त्र्यंबक रोडला अंजनेरीला नाण्यांवर संशोधन करणारी संस्था आहे, 1980 पासूनची, तिथं त्यांचं म्युझियम आहे. डोळ्याला अस्सल बघायची सवय लागली ना की नकली आपोआप खुपतं. आणि आपण ह्या बाबतीत नशीबवान, नोटा छापायचा कारखाना नाशिकरोडला, नाण्यांचं म्युझियम अंजनेरीला, आणि फसलो कोण, तर मी.

बरं आता तो "कोणीतरी".

ईबेसारख्या साइटवर बोली कशी चालते ते आधी समजून घ्या. तुम्ही तुमचा जास्तीत जास्त आकडा टाकता, समजा 5,000, पण सध्याची बोली 2,100 असेल तर साइट तुमच्या वतीने फक्त एक पायरी वर जाते, बाकीचं गुपित. कोणी चढवलं की ती आपोआप अजून एक पायरी जाते. आता विकणाऱ्याने दुसऱ्या नावाने एक खातं काढलंय किंवा मेव्हण्याला बसवलंय. तो काय करतो, 2,500, 3,000, 3,500 असं ढोसत जातो आणि दर वेळी तुमची बोली वर सरकते, असं करत करत तो 5,000 च्या वर जातो, म्हणजे त्याला तुमची मर्यादा कळली. मग "आकडा चुकून टाकला" म्हणून बोली मागे घेतो, परत येतो आणि 4,900 वर थांबतो. तुम्ही जिंकलात! अभिनंदन! जी वस्तू 2,150 ला पडली असती ती 4,950 ला. ह्याला शिल बिडिंग म्हणतात आणि साइटवर ह्याला बंदी आहे, पण बंदी आहे म्हणून कोण थांबतंय.

पकडायचं कसं तर बोल्यांचा इतिहास उघडा. नावं तारे घालून झाकलेली असतात पण तरी कळतं, एकच खातं ह्याच विक्रेत्याच्या प्रत्येक लिलावात येतंय, कधीच जिंकत नाहीये, बोली मागे घेतल्याची नोंद आहे, खातं नवंकोरं आहे. एवढं जुळलं की सोडून द्या. आणि माझा स्वतःचा उपाय, लिलाव ठरलेल्या सेकंदाला बंद होणारा असेल तर आधीपासून बोली लावूच नका, आकडा कागदावर लिहून ठेवा आणि शेवटच्या सात-आठ सेकंदांत एकदाच टाका. ढोसायला त्याला वेळच मिळत नाही. जिथं शेवटची बोली आली की वेळ वाढतो तिथं हे चालणार नाही. पण कागदावरचा आकडा दोन्हीकडे पाळायचा, रात्री पावणेअकराला आपलं डोकं आपलं नसतं.

आता दुसरा प्रकार, हा मला जास्त चीड आणतो. तुम्ही लिलाव हरता. दुसऱ्या दिवशी मेसेज येतो, "सर, जिंकणारा माघारी फिरला, तुम्ही दोन नंबरला होता, तुमच्याच आकड्याला देतो, साइटवरून नको, कमिशन जातं, डायरेक्ट जीपे करा." अशी दुसरी संधी द्यायची सोय ईबेवर खरंच आहे, म्हणून तर ते खरं वाटतं. पण खरी असेल तर ती तुमच्या खात्यात आत दिसते आणि पैसे पण आतूनच भरायचे असतात. बाहेर या म्हणला की समजा संपलं. बऱ्याचदा मेसेज करणारा मूळ विक्रेता नसतोच, लिलाव बघत बसलेला कोणीतरी तिसराच असतो.

पैशाचं थोडक्यात. यूपीआयने पाठवलेले पैसे म्हणजे हातात दिलेली रोकड, परत मागायला दार जवळपास नाहीच. क्रेडिट कार्डाने दिले तर निदान बँकेकडे तक्रार लावता येते. परदेशातून मागवताय आणि समोरचा म्हणतोय पेपालने पाठवा पण फ्रेंड्स अँड फॅमिली करा, म्हणजे ओळखीतल्याला पाठवल्यासारखे पाठवा, तर नाही करायचं, त्याला खरेदीचं संरक्षण लागू होत नाही. आणि तुम्ही स्वतः काही विकत असाल तर पैसे यायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. हे वाक्य घरातल्या मोठ्या माणसांना परत परत ऐकवा.

"मी आर्मीत आहे सर" हे पण नेहमीचं. आपल्याकडे देवळालीला तोफखाना, प्रत्येकाच्या ओळखीत कोणीतरी फौजी, त्यामुळे ओळखपत्राचा फोटो आला की आपण विरघळतो. ओळखपत्राचा फोटो म्हणजे फोटोच असतो हो. मखमलीवरच्या रुपयासारखा.

फीडबॅक बघायचा का? बघायचा, पण आकडा नाही. गोदावरीचं पाणी कुठवर आलं हे आपण नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून बघतो ना, गुडघ्याला आलं, छातीला आलं, आणि किती वेळात चढलं ते पण बघतो. तसं बघा. 140 चांगले शेरे, पण सगळे गेल्या दहा दिवसांतले आणि सगळे वीस-वीस रुपयांच्या वस्तूंचे, आणि आता अचानक लाखाचा माल? किंवा चार वर्षं खातं झोपलेलं आणि आज एकदम पन्नास लिलाव? ते खातं कोणीतरी पळवलेलं असू शकतं.

भारतातली ईबे 2018 ला बंद झाली, तेव्हापासून आपल्याकडचा बराच हौशी व्यवहार व्हॉट्सॲप आणि फेसबुकच्या ग्रुपवर चालतो, रात्री आठला लिलाव, बेस प्राइस अमुक, पायरी पन्नासची. मजा येते, मी पण आहे अशा तीन ग्रुपवर. पण तिथं मधे कोणीच नाही, ॲडमिन म्हणजे साइट नव्हे. तिथं नव्या विक्रेत्याकडून पहिली खरेदी छोटीच करायची आणि ग्रुपमधल्या दोघांना खाजगीत विचारायचं.

हां, आणि वैष्णोदेवीचं नाणं लाखाला जातं म्हणून आमच्या सोसायटीतल्या एका काकूंना फोन आला होता, आधी नोंदणीचे पैसे भरा म्हणे, रिझर्व्ह बँकेचं कमिशन. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा खरेदी-विक्रीशी आमचा संबंध नाही आणि आम्ही कोणतंही कमिशन मागत नाही. काकूंचं ते पाच रुपयांचं नाणं आहे, त्याचे पाच रुपये येतात.

फसलाच तर? पैसे गेल्याचं कळल्याकळल्या 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन, तासाभराने नाही, लगेच, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आधी अडवले तरच अडतात. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर पण तक्रार टाका. जवळ ठेवा यूपीआयचा बारा आकडी यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर, चॅटचे स्क्रीनशॉट, आणि विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट, तो तर सगळ्यात आधी, कारण ते पान गायब होतं. वस्तू आली पण भलतीच आली तर साइटच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा, 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांनी 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्यात निकाल लावायचा असतो. नाहीच हलले तर ग्राहक हेल्पलाइन 1915. ह्या सगळ्यासाठी पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, पत्त्याच्या लेबलपासून ते वस्तू काट्यावर जाईपर्यंत, मधे कट नाही. माझ्याकडे हा व्हिडिओ नव्हता, त्यामुळे "तुम्हीच बदललं असेल" ह्याच्यावर मला उत्तरच देता आलं नाही, 4,200 गेले ते गेले.

एक गंमत सांगतो. ईबे 1995 ला सुरू झाली तेव्हा तिथं विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे बिघडलेला लेझर पॉइंटर, 14.83 डॉलरला. मालकाने घेणाऱ्याला विचारलं, तो बिघडलेला आहे हे कळलंय ना, तर तो म्हणाला मी बिघडलेलेच जमवतो. बिघडलंय असं सरळ लिहून विकलं आणि घेणारा मिळाला. मला असला विक्रेता चालेल.

आणि मिळाला पण. मागच्या महिन्यात ग्रुपवर सोलापूरकडच्या एकाने साधासा 1918 चा रुपया लावला होता. मी सवयीप्रमाणे चिठ्ठी मागितली. तो वैतागला, "भाऊ एवढ्याशा नाण्याला काय चिठ्ठी मागता, काय पासपोर्ट काढताय का?" मी गप्प. वीस मिनिटांनी फोटो आला. (फोन कॅमेऱ्यासमोर धरतो.) हा बघा, लाइट बिलाची मागची बाजू, त्यावर "नाशिकवाले भाऊ, मंगळवार, संध्या. 7.05", काट्यावर 11.58, आणि हे कोपऱ्यात त्याचं बोट आलंय, नखाला हळद लागलीय, बहुतेक स्वयंपाक टाकून उठला होता बिचारा.