सहा पेन्सिल सेल

(पडद्यावर: सांगली, सकाळ. आयर्विन पुलाच्या खांबावरचे फुटांचे आकडे. खाली शांत कृष्णा.)

हा आयर्विन पूल. १९२९ सालचा. पावसाळ्यात सांगलीकर सकाळी उठला की दूध आलं का ते नंतर विचारतो, आधी विचारतो, "आयर्विनला किती झालं?" चाळिसाला इशारा, पंचेचाळिसाला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि मग कुणी कुणाला आकडा विचारायच्या भानगडीत पडलं नाही.

आपली गोष्ट पुराची नाही. पण तिची सुरुवात त्याच आठवड्यातली. गावभागातल्या आमच्या सरांनी घर सोडताना तीन वस्तू माळ्यावर टाकल्या. घराच्या कागदांची पिशवी, बाईंच्या शिलाई मशीनचं डोकं, आणि हा.

(पडद्यावर: तळहातावर काळा सेट. रबरी अँटेना, झिजलेली बटणं, कोरी काच.)

हा स्कॅनर. पाणी खालच्या खोलीत छातीला लागलं, माळ्यापर्यंत पोचलं नाही. सेट कोरडा राहिला. कोरडा राहिला आणि तरीही गेला.

साधा रेडिओ एका स्टेशनवर लावला की तिथंच बसून राहतो. स्कॅनरला बसवत नाही. तो पोस्टमनसारखा एकेका दारावर थाप मारत जातो. आत कुणी बोलत नसेल तर पुढचं दार, बोलत असेल तर तिथं थांबतो. बोलणं संपलं की पुन्हा चालू लागतो. आकाशवाणी सांगली मीडियम वेव्हवर १२५१ किलोहर्ट्झला लागते. ते या सेटच्या गावीही नाही. याचा मुलूख बराच वरचा, मेगाहर्ट्झमधला. विमानं आणि विमानतळ ११८ ते १३७ मध्ये बोलतात, हॅम मंडळींचा, म्हणजे परवाना घेऊन हौसेनं रेडिओवर बोलणाऱ्यांचा, दोन मीटर लांबीच्या लहरींचा पट्टा १४४ पासून सुरू होतो.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो, नाहीतर व्हिडिओ बघून कुणीतरी जुन्या बाजारात धावेल. आपल्याकडे १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून असं यंत्र बाळगायलाही परवाना लागत आलाय. सर हॅम आहेत. केंद्र सरकारची परीक्षा देऊन मिळवलेला व्हीयू टू ने सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, त्यांच्याकडे आहे, भिंतीवर फ्रेम करून. लग्नाचा फोटो त्या फ्रेमच्या खाली आहे. यावर बाईंचं म्हणणं आम्ही चित्रित केलं होतं, पण त्यांनी ते काढायला लावलं.

(पडद्यावर: बोळातलं दुकान. टेबलावर टीव्हीचे बोर्ड, मिक्सरची भांडी, एक उघडा अँप्लिफायर.)

दुकान दोन माणसं आली की भरतं. मालकांना सगळे मामा म्हणतात. गणपतीच्या दिवसांत मंडळांचे अँप्लिफायर, बाकी वर्षभर मिक्सर आणि इन्व्हर्टर. स्कॅनर त्यांनी आयुष्यात उघडलेला नाही.

"मग जमेल का?" सरांनी विचारलं.

"सर, आत काय का असंना, करंट तर आमच्याच ओळखीचा हाय की."

सरांनी पिशवीतून अडॅप्टर काढला, नातवाच्या कीबोर्डचा. "हा लावून बघायचा का?" मामांनी तो हातातून काढूनच घेतला. सेटच्या बाजूला भोकाजवळ एक बारीक चित्र असतं, गोल आणि मधे ठिपका. मधल्या खिळ्याला धन द्यायचं की ऋण, ते त्यावर कळतं. या सेटला मधे धन हवं होतं, कीबोर्डच्या अडॅप्टरला मधे ऋण होतं. बसायला दोन्ही फिट बसतात. बंद पडलेला सेट कायमचा बंद करायची ही सगळ्यात सोपी रीत.

झाकण उघडलं. सहा पेन्सिल सेल, माळ्यावर ठेवले तेव्हाचेच. दोन फुगलेले. स्प्रिंगवर पांढरी बुरशी आल्यासारखी, कडेला हिरवट.

ही बुरशी नाही. अल्कलाइन सेलच्या पोटात पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं. ते पाझरून हवेला लागलं की त्याची अशी पांढरी पावडर होते. आपल्याकडे बॅटरीवर काही साचलं की घरातला खायचा सोडा आणायची पद्धत आहे. ती गाडीच्या बॅटरीला बरोबर, कारण तिथं ॲसिड असतं. इथं उलटा मामला, हे अल्कली आहे, याला आंबटच लागतं. मामांनी पोराला पाठवलं आणि चायनीजच्या गाडीवरून झाकणभर व्हिनेगर मागवलं. कापसाच्या काडीनं टिपलं तसा बारीक फेस आला. मग स्पिरिटनं पुसलं, स्प्रिंग सँडपेपरनं घासली. नवे सेल घातले, बटण फिरवलं.

काच कोरी.

इथं बरीच माणसं हात टेकतात. "आयसी गेला" म्हणून मोकळी होतात. मामांचा आयसीवर शेवटपर्यंत विश्वास असतो. त्यांनी चार स्क्रू काढले, आधी मोबाइलवर बोर्डाचा फोटो घेतला, आणि मीटरची टोकं तिथं टेकवली जिथं सेलकडून आलेल्या दोन वायर बोर्डाला मिळतात. नऊ व्होल्टच्या वर. म्हणजे वीज पोचतेय.

"पोचतीय?" मामा स्वतःशीच म्हणाले. मग ड्रॉवरमधून बाइकच्या स्पीडोमीटरमधला चिमुकला बल्ब काढला आणि त्याच दोन ठिकाणी लावला.

पेटला नाही. मीटरचा आकडा कोसळला.

(पडद्यावर: बल्ब, मीटरचा आकडा, पुन्हा बल्ब.)

मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही. त्यामुळे तारेचा एक केस जरी शाबूत असला तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. रस्ता आहे असं म्हणायला एक पायवाट उरलेली असते. तिच्यावरून सायकल जाते, उसाचा दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर जात नाही. ट्रॅक्टर घालून बघायचं काम त्या बल्बनं केलं.

मामांनी काळी वायर कापली आणि प्लास्टिक सोललं. आता हे जवळून बघा. बाहेरून वायर नवीकोरी आहे, कुठं भेग नाही, डाग नाही. आत तांब्याचा रंगच नाही. काजळी धरलेल्या वातीसारखे काळे तंतू. सोल्डर लावलं तर धरेना, अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखं घरंगळून गेलं. मामा बोटभर सोलत गेले तरी काळंच. सेलमधून पाझरलेलं ते पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं वायरच्या आतून वर चढत गेलं होतं. लाल वायर मात्र लखलखीत.

सर बराच वेळ ती वायर हातात धरून होते. "खाली छातीएवढं पाणी आलं आणि हा वर चमचाभर पाण्यात बुडाला," म्हणाले. आम्हाला वाटलं कॅमेऱ्यासाठी म्हणाले असतील. पण कॅमेरा तेव्हा मामांच्या हातांवर होता.

नवीन वायर टाकली. बल्ब पेटला. सेट बंदच.

अडॅप्टरच्या भोकात एक पितळी पट्टी असते. अडॅप्टर खुपसला की ती उचलली जाते आणि सेलची जोडणी तुटते, म्हणजे अडॅप्टरची वीज साध्या सेलमध्ये घुसत नाही. अडॅप्टर काढला की पट्टीनं परत जागेवर बसायचं. वर्षानुवर्षं कुणी काही खुपसलंच नाही तर पट्टीवर कीट चढतं आणि ती नावाला टेकून राहते. क्लीनर मारून एक रिकामी पिन वीस-पंचवीस वेळा आतबाहेर केली, एवढाच इलाज.

आणि काच उजळली. सर ओरडले. सेकंदभर आकडे दिसले, गेले. परत दिसले, परत गेले.

आता कुठं मामा पुढं वाकले. प्रोसेसरला पाच व्होल्ट देणारा रेग्युलेटर ठीक होता, पण त्याच्या पलीकडचा कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून व्होल्टेज सांभाळणारा भाग, आपलं पाणी सोडून बसला होता. हरभऱ्याच्या डाळीएवढा ॲल्युमिनियमचा डबा. त्यामुळे पाच व्होल्ट चढायचे, प्रोसेसर जागा होऊन करंट मागायचा, की हे खाली. सोल्डर गन लागताच कुजक्या मासळीचा वास आला. असले डबे पकडीनं पिळून काढायचे नाहीत, बोर्डाचं तांबं उचलून येतं. नवा बसवताना आणखी एक ठेच आहे. अशा डब्यावर काळी खूण असते ती ऋण बाजू. शेजारीच पिवळे टँटलम कपॅसिटर असतात, त्यांच्यावरची पट्टी मात्र धन बाजू सांगते. एकाच बोर्डावर दोन उलट्या खुणा. कुणी ठरवलं असेल देव जाणे.

मामांनी तीनशे रुपये सांगितले. सरांनी पाचशेची नोट ठेवली आणि सुट्ट्यांसाठी थांबले नाहीत.

(पडद्यावर: गच्ची, संध्याकाळ. सर, सेट, पत्र्याच्या डब्यातली जुनी वही.)

सेट चालू आहे, पण आत नोंदवलेलं सगळं विसरलाय. सर वहीतून एकेक आकडा परत भरतायत. १४५.८०० समोर लिहिलंय "अंतराळ स्थानक". ते डोक्यावरून जाताना जेमतेम दहा मिनिटं मिळतात, आणि तेही वरचं कुणी बोलत असेल तर.

पुढच्या ओळीवर सरांचं बोट थांबतं. हॅमसॅट. इस्रोनं हॅम लोकांसाठी केलेला ४२.५ किलोंचा उपग्रह, ५ मे २००५ ला श्रीहरिकोट्याहून सुटला. त्यात दोन ट्रान्सपाँडर, म्हणजे खालचा आवाज झेलून परत खाली पाठवणारी यंत्रं, एक आपला, दुसरा एका डच विद्यार्थ्यानं बनवलेला. सरांनी याच गच्चीवरून तो कित्येक संध्याकाळी ऐकलाय. वहीत वेळा आहेत, तारखा आहेत, एके ठिकाणी चहाचा डाग आहे. २०१४ च्या जुलैत तो गप्प झाला.

"कशानं?" आम्ही विचारलं.

"बॅटरी," सर म्हणाले. "लिथियम आयन. मामांना सांगितलं मी. म्हणाले, तिथवर शिडी न्हाय आपल्याकडं."

तो आकडाही त्यांनी भरला. एका रिकाम्या चॅनेलवर, हॅमसॅटचा. सेट त्या दाराशी गेला, थाप मारली, पुढं निघाला.

खालून बाईंनी जेवायला हाक मारली. सरांनी सेट बंद केला, झाकण उघडलं, सहाही सेल काढून शर्टाच्या खिशात टाकले आणि जिना उतरले. खिसा एका बाजूला चांगलाच लोंबत होता.