ज्या गावची फिल्म, त्या गावचे फोटो

[पडदा काळा. फक्त आवाज : 'खटॅक', आणि मागोमाग लिव्हर ओढल्याची करकर.]

ऐकलंत? पहिला आवाज फोटो काढल्याचा. दुसरा, तो करकरणारा, पुढच्या फोटोसाठी जागा केल्याचा. मोबाईलवाल्यांनी पहिल्याची नक्कल करून ठेवली आहे. दुसऱ्याची गरज त्यांना कधी पडली नाही.

[डिसेंबरची सकाळ. आगगाडीच्या काचेवर धुकं. मांडीवर दोन कॅमेरे.]

हे दोन कॅमेरे घेऊन आम्ही निघालो. एक पेंटॅक्स के-१०००, सत्तरच्या दशकातला, ठोकळ्यासारखा, जड. दुसरा बाबांचा ॲग्फा क्लिक-थ्री. जन्म बडोद्याचा, आडनाव जर्मन. याला शटरचा वेग एकच. उजेडासाठी ऊन आणि ढग अशा दोन खुणा. पाठीला लाल काचेची बारीक खिडकी, तिच्यातून फ्रेमचा आकडा दिसतो. एका रोलात बारा फोटो. आमच्या सांगलीच्या घरातल्या निम्म्या बारशांचे फोटो याने काढलेत.

युरोपात फोटो काढायला जायचं म्हटलं की पॅरिस, व्हेनिस ही नावं आधी येतात. आम्ही गावं जरा वेगळ्या हिशोबाने निवडली. ज्या गावांनी कॅमेरा घडवला, फिल्म बनवली, ती गावं फिल्मवरच काढायची.

[लान नदीवरचा दगडी पूल. अरुंद, चढती गल्ली. लाकडी चौकटींची घरं.]

वेट्झलार. फ्रँकफुर्टपासून आगगाडीने साधारण तासाभरावर. हा चौक आइझेनमार्क्ट, म्हणजे लोखंडबाजार. इथे फरसबंदीत धातूची एक खूण बसवली आहे. तिच्यावर उभं राहायचं आणि समोर बघायचं. १९१४ साली ऑस्कर बारनाक नावाचा माणूस इथेच उभा होता. त्याच्या हातात तळहातात मावेल एवढं एक यंत्र होतं. त्याने समोरच्या घराचा फोटो काढला. ते घर अजून जागेवर आहे.

बारनाक लाइट्झ कंपनीत नोकरीला. कंपनी सूक्ष्मदर्शकं बनवायची, कॅमेऱ्याशी तिचा फारसा संबंध नव्हता. बारनाकला डोंगर हिंडायची हौस, आणि सोबतीला दमा. त्या काळचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, तिवई आणि काचेच्या प्लेटांची पिशवी. दम्याच्या माणसाने हे ओझं डोंगरावर न्यायचं कसं? त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटरची पट्टी घेतली. सिनेमात ती उभी चालते आणि चित्र १८ बाय २४ मिलिमीटरचं पडतं. याने पट्टी आडवी चालवली आणि दोन चित्रांची जागा एकाला दिली. २४ बाय ३६. आज महागड्या डिजिटल कॅमेऱ्यावर 'फुल फ्रेम' लिहिलेलं असतं ना, ते माप या चौकातल्या माणसाचं.

[जुन्या कॅमेऱ्याचं जवळून दृश्य : बोट लिव्हरवर, फ्रेमचा आकडा ३५ वरून ३६ वर.]

रोलात छत्तीसच फोटो का? वेट्झलारात सांगतात, की बारनाकने दोन्ही हात फैलावले, त्यात जेवढी पट्टी मावली तेवढी कापली, आणि तिच्यावर छत्तीस बसले. दंतकथाच ती. पण वाव मोजायची ही रीत आपल्याकडच्या कापडवाल्यालाही पटेल.

मधे पहिलं महायुद्ध गेलं, मग जर्मनीतली ती भयानक महागाई. १९२४ मध्ये मालक एर्न्स्ट लाइट्झ यांनी धोका पत्करायचं ठरवलं आणि १९२५ च्या वसंतात लाइपझिगच्या जत्रेत बारनाकचा कॅमेरा 'लायका' या नावाने बाजारात आला. फोटोग्राफर तिवई सोडून रस्त्यावर उतरला तो तेव्हापासून.

[गाडी. सपाट शेतं, पवनचक्क्या, विटांच्या चिमण्या.]

इथून पूर्वेला. बिटरफेल्ड सोडल्यावर थोड्याच वेळात हे स्टेशन येतं. वोल्फेन. प्रवासी कंपन्यांच्या माहितीपत्रकात हे नाव सापडणार नाही. पण तुमच्या घरी सत्तरच्या दशकातल्या लग्नाचा कृष्णधवल अल्बम असेल, तर त्यातली एखादी निगेटिव्ह उजेडात धरून कड बघा. तिथे 'ओर्वो' लिहिलेलं असण्याची बरीच शक्यता आहे. ओर्वो म्हणजे ओरिगिनाल वोल्फेन. अस्सल वोल्फेनची.

कारखाना मुळात ॲग्फाचा. पहिल्या महायुद्धाच्याही आधी उभा राहिला. १९३६ मध्ये ॲग्फाकलर ही रंगीत फिल्म इथेच तयार झाली. एकाच फिल्ममध्ये रंगांचे तिन्ही थर, साध्या कॅमेऱ्यात घाला आणि फोटो काढा. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीची वाटणी झाली आणि ॲग्फाचीही झाली. पश्चिमेला लेवरकुझेनची ॲग्फा, पूर्वेला वोल्फेनची ॲग्फा. भाऊबंदकीत घराचं नाव कुणी वापरायचं, हा वाद इथेही झालाच. शेवटी १९६४ मध्ये वोल्फेनवाल्यांनी नाव बदलून ओर्वो केलं. पूर्व जर्मनीशी आपला व्यापार रुपयांत चालायचा, त्यामुळे ती फिल्म आपल्या स्टुडिओंतून आणि सिनेमांतून सर्रास वापरली गेली. बाबांचा क्लिक-थ्री लेवरकुझेनच्या घराण्यातला, त्यात पडणारा रोल पुष्कळदा वोल्फेनच्या घराण्यातला. वाटणी झालेले भाऊ सांगलीत एका पेटीत नांदत होते.

[संग्रहालय. लांबच लांब यंत्र, रूळ, हँडलं. एका जुन्या हँडलवर गुळगुळीत झालेला रंग.]

जुन्या कारखान्याच्या या इमारतीत आता संग्रहालय आहे. यंत्रं मूळ जागेवरच आहेत. आपल्यासाठी दिवे लावलेत. काम चालायचं तेव्हा इथे मिट्ट काळोख असायचा, फार तर एखादा मंद हिरवा दिवा. त्या काळोखात बायका पाळीवर यायच्या आणि हाताच्या सवयीने यंत्रं चालवायच्या. हे हँडल बघा. रंग गेलाय तो नेमका चार बोटांपुरता.

फिल्म बनते कशी, ते इथे यंत्रायंत्राने कळतं. आधी चांदी. शुद्ध चांदी नायट्रिक आम्लात विरघळवायची, तिचे पांढरे स्फटिक होतात. मग जिलेटिन. ते जनावरांच्या हाडाकातड्यापासून काढतात, तेव्हा शाकाहारी फोटोग्राफरांनी हे वाक्य ऐकलं नाही तरी चालेल. कोमट जिलेटिनमध्ये ब्रोमाइडचं मीठ, आणि त्यात संथ धारेने ते चांदीचं पाणी. दुधासारखं पांढरट मिश्रण तयार होतं. इथून पुढे सगळं अंधारात, कारण आता त्याला उजेड दिसायला लागलेला असतो.

मग ते ठरावीक ऊबेत ठेवून द्यायचं. या टप्प्याला जर्मनीत 'पिकवणं' म्हणतात. आपण आढी लावतो, तसंच. कण जितके मोठे होतील तितकी फिल्म चपळ, कमी उजेडातही चालणारी, आणि तितकीच फोटोत भरड दिसणारी. पिकलेलं मिश्रण पारदर्शक पट्टीवर केसाहूनही पातळ पसरायचं, गार करायचं, वाळवायचं, पट्टी उभी चिरायची, कडेला भोकं पाडायची, गुंडाळायची. डब्यातून बाहेर आलेली फिल्मची जीभ आपल्याला दिसते, तो या सगळ्या वरातीचा शेवटचा माणूस.

महायुद्धात या कारखान्यात वेठीला धरलेले हजारो मजूर आणि छळछावणीतल्या कैदी बायका राबत होत्या. कारखान्याचं सांडपाणी जवळच्या जुन्या खाणीच्या खड्ड्यात सोडलं जायचं, त्या तळ्याला लोक 'चांदीचं तळं' म्हणत. १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाले, मग बाजार बदलला, कारखाना मोडीत निघाला आणि हजारोंच्या नोकऱ्या गेल्या.

[क्लिक-थ्रीचं जवळून दृश्य. लाल खिडकीत आकडा ७ सरकत येतो, थांबतो.]

ॲग्फाचा कॅमेरा ॲग्फाच्या जुन्या दारात. माहेरवाशिणीचा एक फोटो तर हवाच. ढगाच्या खुणेवर काटा, श्वास रोखून, सातवी फ्रेम.

[एल्बे नदीच्या काठाने जाणारी गाडी. वाळूच्या खडकांचे उंच सुळके. डायनिंग कारमध्ये वाफाळणारी बशी.]

ड्रेस्डेनहून प्रागकडे जाणारी गाडी बराच वेळ एल्बेचा काठ सोडत नाही. खिडकीपाशी बसून रोल संपवायला यासारखी दुसरी जागा नाही. पण मी रोल संपवला नाही. माझ्याकडे होतेच मोजके. येताना एका विमानतळावर मी फिल्म हाताने तपासा म्हणून विनवलं, समोरच्याने मान हलवली आणि चार रोल नव्या सीटी स्कॅनरच्या पट्ट्यावर सरकले. पुढे धुतल्यावर चारही रोल राखेसारखे करडे निघाले. फिल्म घेऊन हिंडणाऱ्यांनी एवढं करावं : रोल जिथे जाल तिथेच घ्यावेत, जमलं तर तिथेच धुवावेत.

[प्राग. बाविसाव्या क्रमांकाची ट्राम वळणावर. ओल्या रुळांवर दिव्यांचं प्रतिबिंब.]

प्रागमध्ये घेतलेला हा रोल फोमापान १००. प्रागच्या पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर ऱ्हाडेट्स क्रालोवे नावाचं शहर आहे, तिथे फोमा कंपनी १९२१ पासून आहे. वोल्फेनसारखे दिग्गज कोसळले, ही टिकली. आज मिळणाऱ्या स्वस्त कृष्णधवल फिल्मांपैकी ही एक, त्यामुळे जगभरच्या विद्यार्थ्यांच्या पिशवीत सापडते.

बावीस नंबरची ट्राम उयेझ्द नावाच्या थांब्यावर थांबते. इथल्या एका घराच्या अंगणात लाकडी खोपट्यासारखी ही खोली आहे.

[अंगण. वाकडं झाड. लाकडी स्टुडिओ, खिडकीच्या काचेवर पाण्याचे थेंब.]

हा झेक फोटोग्राफर योसेफ सुदेकचा स्टुडिओ. मूळ वास्तू १९८५ मध्ये जळाली, ही तिची हुबेहूब प्रतिकृती. सुदेक शिकला होता पुस्तकबांधणी. पहिल्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर त्याचा उजवा हात गेला. बांधणी एका हाताने होईना, म्हणून तो फोटोग्राफीकडे वळला. तीही कुठली, तर तिवईवरच्या अवजड कॅमेऱ्याची! बारनाकने दोन्ही हात शाबूत असताना कॅमेरा हलका केला, आणि हा एका हाताचा माणूस लाकडी पेटी खांद्यावर टाकून डोंगर चढत राहिला. प्लेट बदलताना कॅमेरा मांडीवर धरायचा, हात कमी पडला तर दात होतेच.

प्रागमधल्या हराडचान्याच्या टेकडीवरचं सेंट व्हिटस कॅथेड्रल १३४४ मध्ये सुरू झालं आणि १९२९ मध्ये पुरं झालं. शेवटचं बांधकाम चालू असताना सुदेक चार वर्षं तिथे जात होता. विटांचे ढीग, फावडी, घमेली, आणि वरून तिरपा पडणारा उजेड. त्याची तरुण मदतनीस सोन्या बुलाटी हिने पुढच्या काळातली एक आठवण सांगितली आहे. एका जुन्या, अंधाऱ्या दालनात दोघं तासन्तास उन्हाची वाट बघत बसले. तिरीप आत आली तशी दोघांनी फडकी झटकून वर्षानुवर्षांची धूळ उडवली. धूळ नसेल तर उजेड दिसणार कशात?

जर्मनांनी प्राग ताब्यात घेतल्यावर रस्त्यात कॅमेरा लावणं अवघड झालं. मग १९४० पासून सुदेक या खिडकीतूनच फोटो काढायला लागला. काच तीच, पलीकडचं वाकडं झाड तेच. कधी दव, कधी बर्फ, कधी पावसाचे ओघळ. चौदा वर्षं. आपण एका दिवसात जेवढे फोटो काढून मोबाईल भरतो, तेवढेही त्याने त्या चौदा वर्षांत त्या खिडकीचे काढले नसतील.

[खिडकीची काच. बराच वेळ कुणी बोलत नाही.]

[संध्याकाळ. चार्ल्स पूल. पुतळ्यांच्या काळ्या आकृत्या. गर्दी.]

चार्ल्स पूल. पायाभरणी १३५७ ची. नाताळच्या आधीच्या या दिवसांत इथले गॅसचे दिवे एक माणूस जुन्या पेहरावात येऊन हाताने लावतो. बघा, आला. लांब काठी वर जाते, थोडी चाचपते, आणि काचेआड ज्योत मोठी होते. पोरं त्याच्या मागे मागे. एरवी हे दिवे आपोआप लागतात.

तिवई कठड्याला टेकवून ठेवली. उजेड मोजणारं मीटर म्हणतं, दहा सेकंद. पण फोमापानची खोड अशी, की उजेड कमी झाला की ती आळसावते. कंपनीच्याच तक्त्यात लिहिलंय : मीटरने दहा सेकंद सांगितले तर आठपट द्या. म्हणजे ऐंशी सेकंद. शटरची केबल दाबून धरायची आणि आकडे मोजत उभं राहायचं. एक, दोन... एकोणतीसला एक बाई तिवईसमोर येऊन सेल्फी काढून गेल्या. मोजत राहायचं. ऐंशी.

छत्तिसावी फ्रेम.

[न्हाणीघर. दाराच्या फटीत टॉवेल. काळी पिशवी, तिच्या बाह्यांत कोपरापर्यंत हात.]

भाड्याच्या खोलीतलं न्हाणीघर. रीळ चढवताना डोळ्यांचा उपयोग नाही, बोटांनी भोकं चाचपायची. डेव्हलपर वीस अंशांवर हवा. सांगलीत मे महिन्यात हेच काम करताना पातेल्यात बर्फ टाकावा लागतो. इथे बाटली गरम पाण्यात बसवली. मिनिटातून एकदा डबा उलटा-सुलटा करायचा. मग डेव्हलपरचं काम थांबवणारा स्टॉप, मग चित्र पक्कं करणारा हायपो, मग धुणं.

[दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांना लटकलेली ओली फिल्म. टोकाला थेंब.]

वोल्फेन क्लिक-थ्रीच्या रोलात आहे, तो रोल वेगळा. यावर पहिली काही चित्रं ट्रामची. मग खिडकी, मग खिडकी, परत खिडकी. आणि ही शेवटची. पूल आहे, पुतळे आहेत, दिवा लख्ख आलाय. निगेटिव्हमध्ये तो काळा ठिपका.

१८३८ मध्ये पॅरिसमध्ये फोटोग्राफीच्या आद्य शोधकांपैकी एक असलेल्या दागेरने खिडकीतून एका रहदारीच्या रस्त्याचं चित्र घेतलं होतं. उजेड टिपायला एवढा वेळ लागला, की घोडागाड्या, माणसं, सगळी रहदारी चित्रातून नाहीशी झाली. फक्त बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस राहिला, कारण तो तेवढा वेळ एका जागी उभा होता.

आमच्या छत्तिसाव्या फ्रेममध्ये पोरं नाहीत. सेल्फीवाल्या बाई नाहीत. दिवेवालाही नाही. आत्ता तुम्हाला काठी घेऊन चालताना दिसतोय तो व्हिडिओ कॅमेऱ्यात, आणि हा कॅमेरा डिजिटल आहे, तेही सांगून टाकतो.

[फिल्मची कड, अगदी जवळून. ३६ च्या पुढे अर्धीच फ्रेम, तिथे रोल संपला आहे.]