लाकडाचं काही धरत नाहीत

(दृश्य: बडोद्यातला दांडिया बाजार, सकाळ. जुन्या वाड्याचा ओटा. सागवानी खांबावरून फिरणारा हात.)

हा खांब सागवानी आहे. खाली दगडी तळखडा, वर कोरलेली केळफुलं. असे आठ खांब आमच्या वाड्यात आहेत. एकाला वाळवी लागली, म्हणून त्याला लोखंडी पट्टा मारलाय. आजी त्याला 'आजारी खांब' म्हणायची आणि त्याच्या जवळ कुणाला झोका बांधू द्यायची नाही.

२०२२च्या एप्रिलमध्ये, माझ्या परदेशी शिक्षणाच्या कर्जासाठी, बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे किंमत ठरवणारा माणूस, घर बघायला आला. बोटानं खांबावर टकटक केलं, टेपनं ओटा मोजला, मोबाइलवर आठ-दहा फोटो काढले. आईनं चहा दिला. बशीत चहा ओतता ओतता तो बाबांना म्हणाला, "लाकडानुं कंई ना गणाय, काका." लाकडाचं काही धरत नाहीत. त्याच्या रिपोर्टात जमिनीचा भाव होता. बांधकामाच्या रकान्यात, उरलेलं आयुष्य: शून्य.

त्याच आठवड्यात मला इंग्लंडच्या एका विद्यापीठाचं ऑफर लेटर आलं होतं. आर्किटेक्चरमधलं मास्टर्स, एक वर्षाचं. प्रवेशासाठी मी जो प्रस्ताव लिहिला होता, त्याचा विषय होता बडोद्यातले लाकडी वाडे आणि ते कसे टिकवायचे. म्हणजे ज्या घराची किंमत जगाला समजावून सांगायला मी निघाले होते, तेच घर गहाण पडत होतं, आणि तेही शून्य धरून. तेव्हा मला हे सुचलं नव्हतं. तेव्हा मी व्हिसाची तारीख बघत होते.

(दृश्य: टेबलावर फाइल, पावत्या, कॅल्क्युलेटर.)

आता हिशेब. मी सगळ्या पावत्या ठेवल्यात, बाबांची सवय.

फी २२ हजार पौंड. तिकडे आर्किटेक्चरच्या मास्टर्सला परदेशी विद्यार्थ्याला इतके लागतातच. नावाजलेल्या विद्यापीठात आणि लंडनमध्ये आकडा तिशीच्या वर सहज जातो. शहर उत्तरेकडचं, म्हणून खोली, खाणं, बस धरून वर्षाचे साधारण १२ हजार पौंड. व्हिसाची फी तेव्हा ३६३ पौंड. आरोग्य अधिभार वर्षाला ४७०, पण तो दीड वर्षाचा घेतात, कारण व्हिसा कोर्सपेक्षा चार महिने जास्त मिळतो. हाच अधिभार फेब्रुवारी २०२४ पासून ७७६ झालाय. पौंड तेव्हा ९५ रुपयांच्या आसपास होता. विमान, लॅपटॉप, इंग्रजीची परीक्षा हे सगळं धरून बाबांच्या वहीत बेरीज आली ३५ लाख.

सात लाख बाबांच्या एफडीतून गेले. २८ लाखांचं कर्ज काढलं. बिनतारण कर्ज देणारे होते, १३ टक्क्यांनी. सरकारी बँक १० टक्क्यांनी देत होती, पण घर तारण हवं. बाबांनी दोन्हींचे हप्ते मांडले. फरक महिन्याला साडेपाच हजारांच्या वर निघाला, दहा वर्षं. तेव्हाच ठरलं, घर तारण ठेवायचं.

पण घर बाबांच्या एकट्याचं कुठे होतं? प्रॉपर्टी कार्डावर आजोबांच्या पश्चात सात नावं. दोन काका, तीन आत्या, आजी, बाबा. बडोद्यात याला 'हक्क कमी करणं' म्हणतात: सिटी सर्व्हेच्या कचेरीत जाऊन सही करायची, की माझा या घरावरचा हक्क सोडला. पुण्याची आत्या रात्रीच्या बसनं आली, सही केली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. धाकटे काका तीन आठवडे आलेच नाहीत. मग आले, सही केली, चहा न घेता निघाले. जाताना बाबांना एवढंच म्हणाले, "दादा, तिचं झालं की माझं बघ."

हे वाक्य कुठल्याही खर्चाच्या तक्त्यात बसत नाही. पण दर दिवाळीला काका आले की ते ओट्यावर येऊन बसतं.

(दृश्य: सयाजीबाग, वडाची झाडं. नंतर न्यायमंदिराची इमारत.)

बडोद्यातून परदेशी शिकायला जाण्याचा सगळ्यांत प्रसिद्ध करार १९१३चा. महाराज सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी. १९१७च्या सप्टेंबरात बाबासाहेब करार पाळायला इथे आले. नोकरी होती, पण महार म्हणून राहायला खोली कुणी देईना. पारशी सरायीतून त्यांना काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं. या बागेत, तेव्हाच्या कामाठी बागेत, एका झाडाखाली ते बसून राहिले. संस्थाननं दिलेली रक्कम कागदावर होती. शहरानं जे वसूल केलं, ते कुठल्या करारात नव्हतं.

माझी आणि त्यांची तुलना नाही, ती मी करणारही नाही. पण साडेअकरा पौंड हा आकडा ऐकला की माझी आई दर वेळी म्हणते, "निदान दुसऱ्यानं दिले होते ना."

आमच्या क्षेत्रातही जुनी मोठी माणसं बरीचशी दुसऱ्याच्या पैशावर गेली. अच्युत कानविंदे कोकणातल्या आचऱ्याचे, जे.जे.मध्ये शिकले, सरकारनं त्यांना हार्वर्डला पाठवलं. बाळकृष्ण दोशी पुण्यात जन्मलेले, पॅरिसला ल कार्बुझिए या नामवंत वास्तुकाराकडे गेले आणि सुरुवातीचे महिने बिनपगारी राबले. पुढे त्याच दोशींनी साठच्या दशकात आपल्या बडोद्यात जीएसएफसी या खत कंपनीची वसाहत केली. बिनपगारी राबून घेण्याची परंपरा मात्र आमच्या धंद्यानं अजून भक्तिभावानं जपलीय, आणि त्यात देशाचा फरक नाही.

(दृश्य: लेझर कटरचा निळसर प्रकाश. जळक्या कडांचे प्लायचे तुकडे.)

स्टुडिओचा, म्हणजे डिझाइनच्या वर्गाचा, खर्च कुणी सांगत नाही. एमबीएवाल्याला पुस्तक आणि लॅपटॉप पुरतो. आम्हाला मॉडेल करावं लागतं.

मी आमच्या वाड्याचा दर्शनी भाग एकास वीसच्या मापात कापत होते. तीन मिलिमीटरचं बर्च प्लाय, एक शीट अकरा पौंड. मनात लगेच आकडा उमटतो: हजार रुपये. पहिली शीट कापली तर केळफुलाच्या पाकळ्या जळून काळ्या पडल्या. दुसऱ्या शीटला वेग वाढवला, तर पाकळ्या अर्धवट कापल्या, सोडवताना मोडल्या. तिसऱ्या वेळी वर्कशॉपचा म्हातारा तंत्रज्ञ आला, शीटला कागदी चिकटपट्टी लावली, म्हणाला आता कर. पाकळी स्वच्छ सुटली. मी ती तळहातावर घेतली, नखाएवढी. रात्रीचे अकरा वाजले होते, वर्कशॉपभर जळक्या लाकडाचा वास होता, आणि मला आजीच्या चुलीची आठवण आली. मग मोजलं: तीन हजार रुपये, एका पाकळीचे.

सत्राच्या काळात आठवड्याला वीस तास काम करायची मुभा असते. एजंट हे वीस तास तासाच्या मजुरीनं गुणून दाखवतात आणि म्हणतात, राहण्याचा खर्च सुटतो. स्टुडिओत बसणाऱ्याचे वीस तास उरतात कुठे? मी एका कॅफेत कप विसळले. ज्युरीच्या, म्हणजे काम तपासून घेण्याच्या, आठवड्यात दोन पाळ्या चुकल्या, तिसरी मिळाली नाही.

(दृश्य: रेसकोर्स रोडवरचे सल्लागारांचे फलक, फलकांवरची नावं अंधुक.)

माझी सगळ्यांत महागडी चूक मात्र पैशाची नव्हती. बडोद्यातल्या एका कन्सल्टंटकडे मी विचारलं होतं, की हे मास्टर्स केल्यावर तिकडे आर्किटेक्ट म्हणून काम करता येईल का. तो म्हणाला, "मास्टर्स म्हणजे मास्टर्स, बेन." मी मान डोलावली. शाळकरी मुलीसारखी.

ब्रिटनमध्ये 'आर्किटेक्ट' ही उपाधी कायद्यानं राखीव आहे, नोंदणीशिवाय लावता येत नाही. त्यांच्या नोंदणी मंडळाचे तेव्हा तीन टप्पे होते: पार्ट वन, पार्ट टू, पार्ट थ्री. ज्या मास्टर्सला पार्ट टूची मान्यता होती, ते साधारण दोन वर्षांचं. माझं एक वर्षाचं मास्टर्स त्यात बसतच नव्हतं. शिवाय भारतातली बी.आर्क. तिथे आपोआप पार्ट वन ठरत नव्हती. त्याची वेगळी परीक्षा, वेगळी फी. म्हणजे इथे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी क्रमांक असलेली मी, तिथे 'असिस्टंट'. मला हे नोव्हेंबरात कळलं, फी भरून झाल्यावर, तेही स्टुडिओतल्या एका पोरीनं सहज बोलता बोलता विचारलं म्हणून.

अमेरिकेत याचंच वेगळं रूप आहे. तिथे पोस्ट-प्रोफेशनल, म्हणजे आधीच बी.आर्क. झालेल्यांसाठीच्या, मास्टर्सला व्यावसायिक परवान्यासाठीची मान्यता नसते. आणि शिक्षणानंतर नोकरीची मुभा एक वर्षाची की तीन, हे कोर्सवर लावलेल्या सरकारी कोडवर ठरतं. त्यात 'एसटीईएम'चं, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणिताचं, कोड असेल तर आणखी चोवीस महिने. एकच डिग्री, पण कोड वेगळं असलं की दोन वर्षांचा फरक. हे कोड प्रवेशाआधी विचारून घ्यायचं, बस.

आणि जर्मनी. माझा मामेभाऊ तिकडे गेला. "फुकट आहे" हे ऐकून गेला, आणि बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी खरंच नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो आहेत. पण फुकटाच्या आधी बंद खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात, महिन्याला ९९२ काढता येतात. कागदपत्रं तपासणाऱ्या एपीएसचे १८ हजार रुपये. आणि आर्किटेक्चरचे बरेचसे कोर्स जर्मन भाषेत. त्यानं भाषेला दीड वर्ष दिलं, कमाई शून्य. भाऊबीजेला फोनवर म्हणाला, "फी नाही गं, पण दीड वर्ष भरलं मी."

(दृश्य: पावसाळी गल्ली. नंतर विमानतळ, रात्र.)

कोर्स संपल्यावर ब्रिटनमध्ये दोन वर्षं राहायचा ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो. त्याला तेव्हा, २०२३ मध्ये, ७१५ पौंड फी आणि दोन वर्षांचा आरोग्य अधिभार १,२४८. जवळजवळ दोन हजार, आणि बाबांच्या वहीत ही ओळच नव्हती. २०२७च्या जानेवारीपासून अर्ज करणाऱ्यांना हा व्हिसा दीडच वर्षाचा मिळेल.

पाच महिने नोकरी शोधली, सहाव्या महिन्यात मिळाली. २०२४च्या मार्चमध्ये रुजू झाले आणि एप्रिलमध्ये नियम बदलला. कामाच्या व्हिसासाठी लागणारा किमान पगार २६,२०० पौंडांवरून ३८,७०० झाला. २०२५च्या जुलैत ४१,७०० झाला. नवख्यांना थोडी सवलत आहे. पण आमचं ऑफिस बारा माणसांचं, त्यांच्याकडे परदेशी माणसाला स्पॉन्सर करायचं लायसन्सच नव्हतं. साहेब चांगला होता. माझ्यासाठी त्यानं केकही आणला, शेवटच्या दिवशी.

त्या काळात एक गोष्ट बरी झाली. कर्जाचा हप्ता सुरू झाला तेव्हा मी पौंडात कमवत होते. कोर्सच्या आणि पुढच्या एका वर्षाचं व्याज चढून २८चे ३३ लाख झाले होते. दहा वर्षांसाठी हप्ता ४३,६००. पौंड ११०च्या घरात, म्हणजे चारशे पौंडांत भागायचं. घसरता रुपया जाताना मारतो आणि परत पाठवताना हात देतो. असे चौदा हप्ते गेले.

२०२५च्या नोव्हेंबरात मी परत आले. बडोद्यातल्या ऑफिसनं पगार देऊ केला ३८ हजार. इथल्या बाजारात तो वाईट नाही, माझ्या बॅचमेटला बत्तीस आहेत. पण हप्ता ४३,६०० आहे. वरचे ५,६०० बाबांच्या पेन्शनमधून जातात, आणि माझा पगार पाच तारखेला आत येऊन त्याच दिवशी बाहेर पडतो. सगळे १२० हप्ते मिळून ५२ लाखांच्या वर भरले जातील. व्याजावर आठ वर्षं आयकरात वजावट मिळते, जुन्या करपद्धतीत. पण एवढ्या पगारावर कर किती, नि वजावट किती!

शिकले मी भरपूर, हेही सांगते. जुनं लाकूड कसं वाचायचं, सांधा न तोडता कसा बदलायचा, हे मला तिथे शिकवलं. 'आजारी खांबा'चा लोखंडी पट्टा मी गेल्या महिन्यात काढला. कुजलेला भाग कापून नवं सागवान बसवलं, खाचेत खाच घालून. सुतार म्हणाला, "हे तर माझे आजोबा करायचे." मजुरी घेतली साडेचार हजार.

(दृश्य: ओटा, संध्याकाळ. फाइल मांडीवर घेऊन बसलेली मुलगी, चेहरा दिसत नाही.)

परवा आमच्या कॉलेजची एक ज्युनिअर आली होती. हातात ऑफर लेटर, दुसऱ्या हातात पोर्टफोलिओ. "ताई, जरा बघ ना, कसा वाटतो?" पोर्टफोलिओ सुंदर होता. मी कोर्सचं नाव तपासलं, मान्यता तपासली, फीखालची बारीक अक्षरं वाचली. तिचं कर्जही तारणावरच होतं, बडोद्याच्या वाडी भागातल्या आजोबांच्या घरावर.

मी विचारलं, "कार्डावर नावं किती आहेत?"

तिनं वर बघितलं, आणि मग बोटांवर मोजायला लागली.