चाडच्या वाळवंटातल्या पिकअप

नमस्कार, श्रोतेहो.

आज चाड देशाच्या सैन्याकडच्या शस्त्रांबद्दल बोलायचं आहे. चाड म्हणजे मध्य आफ्रिकेतला देश, समुद्र कुठेच नाही, उत्तरेला लिबिया, पूर्वेला सुदान, राजधानी एनजामेना. या सैन्यात फ्रान्सच्या पानार चिलखती गाड्या आल्या, ब्राझीलच्या कास्कावेल आल्या, पुढे सुखोई-२५ विमानं आणि एमआय-२४ हेलिकॉप्टरंही आली. पण आज लक्षात ठेवायच्या फक्त दोन गोष्टी. एक, पिकअप गाडी. दोन, मिलान क्षेपणास्त्र.

पिकअप काय असते ते सांगायला नको, पहाटे बाजार समितीत भाजी उतरवते तीच. चाडकडे होत्या टोयोटाच्या. हौद्यात मशीनगन बसवायची, नाहीतर मिलान. मिलान सुटलं की त्याच्यामागे बारीक तार उलगडत जाते. चालवणाऱ्यानं दुर्बिणीतून नजर लक्ष्यावर धरून ठेवायची, क्षेपणास्त्र तारेवरून येणारे इशारे पाळत तिकडे वळतं. पल्ला सुमारे दोन किलोमीटर. समोर लिबियाचा टी-५५ रणगाडा, वजन ३६ टन. त्याची तोफ पिकअपच्या दिशेनं वळेपर्यंत पिकअप दुसरीकडे गेलेली असायची.

आता मला जे सांगायचं आहे ते १९८७ सालचं. उत्तर चाडमध्ये, सोळाव्या अक्षांशाच्या वर, लिबियाचे हुकूमशहा गद्दाफी यांचं सैन्य ठाण मांडून बसलं होतं. २ जानेवारीला चाडच्या सैन्यानं फादा हे ठाणं घेतलं. लिबियाचे ७८४ सैनिक मेले, ९२ रणगाडे नष्ट झाले. चाडचे गेले १८ सैनिक आणि ३ पिकअप. परत सांगते, तिकडे ९२ रणगाडे, इकडे ३ पिकअप.

फादा परत घ्यायचंच, असं लिबियानं ठरवलं. मार्चमध्ये वादी दूम या मोठ्या हवाई तळावरून सुमारे दीड हजार सैनिकांची तुकडी फादाकडे निघाली. हा तळ साधा नव्हता. लांबलचक धावपट्टी, रणगाडे, तोफा, हजारो सैनिक आणि चहूबाजूंनी पेरलेले सुरुंग. तळात शिरणं अशक्य, म्हणून चाडचे सेनापती हसन जामूस बाहेर पडलेल्या तुकडीवर नजर ठेवून होते. बीर कोरा इथे तिनं मुक्काम टाकला. रात्री जामूस यांच्या गाड्यांनी मुक्कामाला वेढा घातला. १९ मार्चला पहाटे एका बाजूनं हल्ला झाला. लिबियाच्या अधिकाऱ्यांनी राखीव सैनिक तिकडे धाडले, आणि मग दुसऱ्या बाजूनं जामूस यांचं मुख्य सैन्य आत शिरलं. तुकडी मोडली. वादी दूमहून तितकीच मोठी दुसरी तुकडी मदतीला आली. दुसऱ्या दिवशी तिचीही तीच गत झाली.

आता ऐका. जे वाचले ते जीव घेऊन तळाकडे पळाले आणि पिकअप त्यांच्या मागोमाग गेल्या. श्रोतेहो, सुरुंगांनी वेढलेला तो तळ, आणि त्यात घुसायची वाट दाखवली तळाच्याच माणसांनी! सैन्यात तर अशीही गोष्ट सांगतात, की गाडी ताशी शंभर किलोमीटरनं पळवली तर सुरुंग मागे फुटतो, गाडी निसटते. त्या चालकांनी पाय हलका केला नाही, हे खरं. २२ मार्चला वादी दूम पडलं. लिबियाचे १,२६९ सैनिक मेले, ४३८ पकडले गेले. चाडचे मेले २९. पकडलेल्यांमध्ये तिथले मुख्य अधिकारीही होते, खलिफा हफ्तार, जे पुढे लिबियातच मोठे सत्ताधीश झाले. आणि नंतर कितीतरी दिवस लिबियाची विमानं वादी दूमवर बॉम्ब टाकत होती. कशावर? आपल्याच मागे राहिलेल्या रणगाड्यांवर आणि विमानांवर, ते चाडच्या हाती लागू नयेत म्हणून.

मला नेहमी वाटतं, या विजयात मेकॅनिकचा वाटा सेनापतीइतकाच आहे. वाळूत हवा कमी करून टायर चालवायचे, पंक्चर काढायचं, उन्हात इंजिन पुन्हा उभं करायचं. आपल्याकडेही एसटी डेपोत रात्री बसखाली झोपून काम करणारे हात आहेत. सकाळी सहाची गाडी लागते ती त्यांच्यामुळे. त्यांची नावं आपण कधी विचारत नाही, हे मला खुपतं.

आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. ही शस्त्रं फ्रान्स आणि अमेरिकेनं दिली, आणि ज्यांना दिली ते राष्ट्राध्यक्ष हिसेन हाब्रे आपल्याच लोकांचा छळ करत होते. २०१६ मध्ये सेनेगलच्या डाकारमधल्या न्यायालयानं त्यांना मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांबद्दल जन्मठेप दिली. युद्ध जिंकलं म्हणून माणूस चांगला ठरत नाही.

सप्टेंबर १९८७ मध्ये चाडच्या पिकअप थेट लिबियात शिरल्या, मातेन अल-सर्रा हा हवाई तळ त्यांनी उद्ध्वस्त केला आणि काही दिवसांतच युद्धबंदी झाली. दोन्ही देशांच्या सीमेवरच्या औझू पट्टीचा वाद मात्र हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १९९४ मध्ये निकाल चाडच्या बाजूनं लागला आणि लिबियाचे सैनिक तिथून परतले. ती जमीन शेवटी मिळाली ती कागदावरच्या एका जुन्या करारामुळे, १९५५ च्या.

पिकअप अजूनही त्या सैन्याचं मुख्य वाहन आहे. २०१३ मध्ये मालीच्या डोंगरांत चाडचे सैनिक लढायला गेले, तेही याच गाड्यांतून. आणि वादी दूमच्या वाळूत तेव्हाचे गंजलेले रणगाडे अजून उभे आहेत. भोवतीचे सुरुंग मात्र गंजून निकामी झालेले नाहीत. ते काढायला माणसं गुडघे टेकून, वाळू हातानं बाजूला करत, एकेक पाऊल पुढे सरकतात.

नमस्कार.