स्पेलमनच्या मुली
(माहितीपटाचं निवेदन)

(दृश्य: अटलांटातल्या जुन्या चर्चचं छायाचित्र)

११ एप्रिल १८८१. अमेरिकेच्या दक्षिणेतलं जॉर्जिया राज्य, अटलांटा शहर. फ्रेंडशिप बॅप्टिस्ट चर्चच्या अंधाऱ्या, ओल आलेल्या तळघरात एक शाळा भरली. हीच पुढे कृष्णवर्णीय मुलींचं स्पेलमन कॉलेज झाली. विद्यार्थिनी अकरा. बहुतेकींचा जन्म गुलामीतला. त्यांना बायबल स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं होतं. शिकवायला मॅसॅच्युसेट्सहून आलेल्या दोघी गोऱ्या बाई, सोफिया पॅकर्ड आणि हॅरिएट जाइल्स. गाठीला तिकडच्या एका चर्चने दिलेले १०० डॉलर. जागा दिली होती इथले पाद्री फ्रँक क्वार्ल्स यांनी. जेमतेम दोन दशकांपूर्वी याच राज्यात गुलामाला लिहा-वाचायला शिकवणं हा गुन्हा होता.

१८८३ मध्ये शाळा सैन्याच्या जुन्या बराकींत गेली. नऊ एकर जागा, आणि डोक्यावर तिचं कर्ज. ते १८८४ मध्ये तेलसम्राट जॉन डी. रॉकफेलरने फेडलं आणि शाळेला त्याच्या सासरचं नाव मिळालं: स्पेलमन. देणगीदाराचं नाव लागणं यात नवल नाही. पण हे घराणं गुलामगिरीविरोधी चळवळीतलं होतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या सदाचरणी लोकांना अर्पण केली, त्यांच्यातलंच एक घर म्हणा ना.

१९०१ मध्ये जेन अ‍ॅना ग्रँडरसन आणि क्लॉडिया व्हाइट या पहिल्या दोन पदवीधर बाहेर पडल्या. १९२४ पासून नावही स्पेलमन कॉलेज झालं.

(दृश्य: पांढऱ्या पोशाखातल्या विद्यार्थिनी, कमानीखालून जाणारी रांग)

त्या काळी इथली शिस्त कडक. बाहेर जाताना वहीत नोंद, परतायची ठरलेली वेळ, समारंभाला पांढरा पोशाख. इतिहासाचे प्राध्यापक हॉवर्ड झिन १९५६ मध्ये इथे आले. त्यांनी लिहून ठेवलंय की स्पेलमनची मुलगी लांबून ओळखू येते, असं लोक कौतुकाने सांगत: डौलात चालते, शुद्ध बोलते, दर रविवारी चर्चला जाते, चहासुद्धा अदबीने ओतते. संस्थेची बाजूही समजून घ्यायला हवी. ज्या समाजात काळ्या बाईला कोणीही काहीही बोलावं, तिथे हा सभ्यपणा चिलखतासारखा वापरला जात होता. पण ते चिलखत आतून काचतही होतं.

(दृश्य: अटलांटाचं सार्वजनिक ग्रंथालय, जुनं छायाचित्र)

शहराचं मुख्य ग्रंथालय फक्त गोऱ्यांसाठी होतं. झिन यांच्या विद्यार्थिनींनी तिथे घोषणा दिल्या नाहीत, पुस्तकं मागितली. कोणती? स्वातंत्र्यावरचा जॉन स्टुअर्ट मिलचा ग्रंथ. मानवी आकलनावरचा जॉन लॉकचा निबंध. उत्तर ठरलेलं: तुमच्या लोकांच्या शाखेत पाठवून देऊ. पुन्हा दुसरी मुलगी जायची, पुन्हा तीच मागणी. मिलचं नाव ऐकून ग्रंथपालांच्या चेहऱ्यावर काय उमटत असेल, कल्पना करा!

अखेर मे १९५९ मध्ये व्यवस्थापनाने माघार घेतली. सभासदत्वाचं कार्ड घेणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती होत्या स्पेलमनच्याच फ्रेंचच्या प्राध्यापिका, आयरीन डॉब्स जॅक्सन. फ्रान्समधल्या तुलूझ विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून आलेल्या या बाईंना स्वतःच्या गावात पुस्तक घरी न्यायला इतकी वाट पाहावी लागली.

डॉब्स घरातल्या सहाही बहिणी स्पेलमनच्या. त्यांच्यातली मॅटिविल्डा ऑपेरा गायिका. १९५३ मध्ये मिलानच्या ला स्काला रंगमंचावर प्रमुख भूमिकेत गाणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलावती. आणि आयरीनबाईंचा मुलगा मेनार्ड जॅक्सन पुढे अटलांटाचा पहिला कृष्णवर्णीय महापौर झाला.

(दृश्य: वर्तमानपत्राचं पान)

९ मार्च १९६०. अटलांटाच्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात: मानवी हक्कांसाठी आवाहन. ते शब्दबद्ध करण्यात पुढाकार होता रोझलिन पोप हिचा, स्पेलमनच्या विद्यार्थी संघटनेची अध्यक्ष. झिन यांच्या घरच्या टाइपरायटरवर ते टाइप झालं. गव्हर्नर व्हँडिव्हर म्हणाले, हे जॉर्जियातल्या विद्यार्थ्यांनी लिहिलेलं वाटत नाही, या देशातही लिहिलेलं वाटत नाही. इतकी दाद तर कुठल्या प्राध्यापकानेही दिली नसेल.

आठवड्याभरात, १५ मार्चला, शहरभर उपाहारगृहांत विद्यार्थी गोऱ्यांच्या जागांवर जाऊन बसले. ७७ जणांना अटक झाली. त्यांत १४ स्पेलमनच्या मुली. त्यांच्यातली एक, मेरियन राइट, पुढे वकील झाली. लग्नानंतरचं तिचं नाव मेरियन राइट एडेलमन, आणि मुलांच्या हक्कांसाठी झटणारी तिची संघटना देशभर गाजली. त्या दिवसांत वसतिगृहाच्या फलकावर एक सूचना लागली होती: ज्या युवतींना निदर्शनाला जाता येईल, त्यांनी कृपया खाली सही करावी. कायदा मोडायचा, तोही ‘कृपया’ म्हणून. शिकवण वाया गेली नव्हती!

मग मुलींनी आवाराच्या नियमांवरही बोट ठेवलं आणि झिन त्यांच्या बाजूने उभे राहिले. तेव्हाचे अध्यक्ष अल्बर्ट मॅनली हे स्पेलमनचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष. त्यांनी १९६३ मध्ये झिन यांना काढून टाकलं. झिन यांची एक विद्यार्थिनी त्याच सुमारास कॉलेज सोडून न्यूयॉर्ककडे गेली. तिचं नाव अ‍ॅलिस वॉकर. १९८३ मध्ये तिच्या कादंबरीला पुलित्झर मिळालं.

(दृश्य: किंग कुटुंबाचं छायाचित्र)

मार्टिन ल्यूथर किंग शिकले शेजारच्या मोरहाउस या पुरुषांच्या कॉलेजात, पण त्यांची आजी, आई, बहीण आणि मुलगी या सगळ्या स्पेलमनच्या. बहीण क्रिस्टिन तर इथे पन्नासहून अधिक वर्षं शिकवत होत्या. अलीकडचं नाव घ्यायचं तर स्टेसी एब्रम्स, १९९५ ची पदवीधर. २०१८ मध्ये त्या जॉर्जियाच्या गव्हर्नरपदासाठी लढल्या आणि थोडक्यात हरल्या.

एक गोष्ट मात्र फार उशिरा घडली. १९७६ मध्ये नवा अध्यक्ष निवडताना विश्वस्तांनी पुन्हा पुरुषच निवडला. संतापलेल्या विद्यार्थिनींनी विश्वस्तांना सभागृहात कोंडून घातलं. दिवस गेला, रात्र गेली. आमच्या कॉलेजची प्रमुख आमच्यासारखीच कृष्णवर्णीय बाई हवी, ही मागणी. तेव्हा ती मान्य झाली नाही. मानववंशशास्त्रज्ञ जॉनेटा कोल पहिल्या कृष्णवर्णीय महिला अध्यक्ष झाल्या तोवर १९८७ उजाडलं. शाळा सुरू होऊन १०६ वर्षं झाली होती.

आणि २००५ मध्ये पदवीदान समारंभाचं भाषण करायला स्पेलमनने सन्मानाने बोलावलं, ते हॉवर्ड झिन यांना.